बिनघासलेला टाक

१

खंडेनवमीच्या सकाळी केशरबाईनं पुढं धरलेल्या गाठोड्यावर शेजारच्या कडूबाईनं हळद-कुंकवाचं बोट टेकवलं आणि त्याचं जुनं फडकं टर्रकन फाटलं. आतला टाक तिच्या ओंजळीत पडला. केशरबाईनं त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि अशी किंचाळली, की पूजेला मांडलेल्या पटाश्या दचकलेल्या कडूबाईच्या पायानं उधळल्या.

खांबाला टेकून केशरबाईची सासू तानुबाई बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दहा वर्षं झालेली. तिनं फक्त तोंड आवाजाकडं वळवलं.

"मोडला का गं?"

"न्हाई, आत्याबाई. मोडला असता तरी बरं झालं असतं."

म्हातारी पुढं काही बोलली नाही. एरवीही ती बोलायची नाही. पोटचा पोरगा गेला तेव्हासुद्धा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, हे सगळ्या सोनपेठला ठाऊक होतं. केशरबाईला तर ते रोज नव्यानं ठाऊक व्हायचं.

हा टाक काय होता ते सांगितल्याशिवाय त्या किंचाळीचा अर्थ लागायचा नाही. केशरबाईचा नवरा लिंबाजी शिसवीचे टाक करायचा, दौतीत बुडवून लिहायचे. त्यानं खरादावर लाकूड फिरवून टाक उतरवायचा आणि केशरबाईनं तो घासून चमकवायचा, अशी दोघांची बारा वर्षांची वाटणी. अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात, रझाकारांच्या धामधुमीत, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, उतारावर लिंबाजीला गोळी लागली. त्या दिवशी एक टाक खरादावर उतरून तयार होता. पटाशीच्या बारीक वळ्या त्याच्या अंगावर तशाच होत्या. त्या वळ्यांवरून बोट फिरवताना केशरबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि ती हादरली. बारा वर्षं ती नवऱ्याच्या हाताच्या खुणाच पुसत आली होती. शेकडो टाक गावोगाव गेले, पण त्यातल्या एकावरही लिंबाजीचा हात उरला नव्हता. उरला होता तो एवढ्या एकावर.

तो तिनं घासला नाही. मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवला. दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर ते गाठोडं पाटावर यायचं. कडूबाई सवाष्ण, म्हणून ती गाठीच्या डोक्यावर बोट लावायची. गाठ कधी सुटायची नाही. आज आठ वर्षांनी फडकं फाटलं, आणि आतला टाक गुळगुळीत निघाला.

तेवढ्यात आंब्याची पानं घेऊन राधाकिशन आत आला. लिंबाजीच्या भावाचा मुलगा, पंचविशीचा, चार वर्षांपूर्वी ताडकळसहून काम शिकायला आला तो इथलाच झाला. मागच्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "काकू, काकाचा तो टाक मला घासू द्या. नवमीला दुकानात मांडू."

केशरबाईनं टाक त्याच्या नाकासमोर धरला.

"घासलास ना शेवटी?"

"काकू, आईची आन. मी गाठोड्याला हात लावला न्हाई."

"घरात काचकागद कुणाच्या हातात आसतो? माज्या आन् तुज्या. मी न्हाई, मग कोण? उद्याच्या मोटारीनं चालता हो. परत तोंड दावू नको."

राधाकिशननं पानं पाटाजवळ ठेवली आणि आपली वळकटी बांधायला आत गेला.

२

बातमी घेऊन कडूबाई थेट दिनकररावांकडं गेली. सोनपेठात त्यांना अजून सगळे अमीनसाहेबच म्हणत. निजामाच्या अमदानीत ते ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, होते. उर्दूत पंचनामे लिहिण्यात हयात गेली, राज्य बुडालं, ठाण्यात मराठी कागद सुरू झाले, आणि अमीनसाहेबांना कुणी काही विचारीनासं झालं. बायको वारलेली, मुलगा हैदराबादेत. दर दोन दिवसांनी ते टाकाची निब बसवून घ्यायला केशरबाईकडं येत. निब काही सुटलेली नसायची. केशरबाईला ते कळायचं, तरी ती निब काढून परत बसवून द्यायची.

आज मात्र ते टाक न आणता आले. काठी कोपऱ्यात उभी केली आणि बऱ्याच वर्षांनी मांडी ठोकून बसले.

"केशरबाई, मुद्देमाल दाखवा. आन् मला काही कळत न्हाई असं समजून सांगा. टाक घासला म्हंजी नेमकं काय करतात?"

केशरबाईला राग आला होता, पण कामाचं विचारलं की ती सरळ बोलायची.

"आदी काचकागद. कागद फिरला की लाकडाला आडव्या रेघा पडतात. मग पारिजातकाचं वाळकं पान. ते खरबरीत आसतं, त्यानं रेघा जातात, पर अंग सुकं दिसतं, राख फासल्यावानी. मग स्पिरिटात इरगाळलेली चपडा लाख. वरून मेण."

"मग ह्याला यातलं काय लावलं?"

तिनं टाक उन्हाकडं धरला. आसपासच्या कुठल्याही टाकावर कुणाचा हात फिरला हे ती न विचारता सांगायची. राधाकिशन कागद दाबतो, त्याच्या रेघा खोल. मानवतचा एक जण मेण जास्त लावतो, नखाला लागतं. पण ह्या टाकावर एकही रेघ नव्हती. पानाची राखाडी झाक नव्हती. तिनं बोटाला स्पिरिट घेऊन लावलं. लाख असती तर चिकटली असती. काही चिकटलं नाही. नखाला मेण आलं नाही. तरी टाक चमकत होता, आतून, काळसर.

"काय लावलं?" दिनकररावांनी परत विचारलं.

"कळंना," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठल्या टाकाविषयी असं म्हणत होती, आणि ते म्हणताना तिला लाज वाटली.

"आन् हे टोकाला काय?"

दोन्ही टोकांना पटाशीच्या वळ्या शाबूत होत्या. गुळगुळीत झालं होतं ते मधलं चार बोटं अंग. त्यातही एका बाजूला किंचित खळगा पडला होता.

"टोकापासून टोकापर्यंत घासायचं, हे राधाकिशनला कुणी शिकवलं?"

"मीच."

"मग त्यानं असं मधलंच का घासलं आसल?"

"भ्याला आसल मधीच. म्हनून सोडलं. अमीनसाहेब, तुमी त्याची वकिली करायला आलाव का?"

दिनकररावांनी फाटलेलं फडकं तेवढं घडी करून खिशात घातलं.

"जप्त," ते म्हणाले. त्या शब्दानं त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

३

दुपारभर त्यांनी जबान्या घेतल्या. ठाणं नाही, शिपाई नाही, पण ऐट तीच.

पहिला राधाकिशन. वळकटीवर बसला होता.

"तू परवानगी मागितली होतीस, खरं?"

"खरं, साहेब. काकाच्या घडणीचे टाक मी उतरवायलाव आता. तीन झाले. पर नजरेनं जमत न्हाई. तो टाक हातात घेऊन बघावा वाटायचं."

"कधी घेतला?"

"घेतला असता तर माजे तीन टाक असे बिघडले असते का?" त्यानं तिन्ही समोर टाकले. पोट फुगलेले, मान आखूड. दिनकररावांनाही कळत होतं की हे लिंबाजीच्या टाकासारखे नाहीत.

दुसरा माणिकराव. परभणीच्या बाजारात त्याचं वह्या-दौतींचं दुकान होतं आणि दोन वर्षांपासून तो केशरबाईचा माल नेत होता. नवमीचा मुक्काम म्हणून तो गावातच होता. त्यानंही तो टाक मागितला होता, हे कडूबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"मागितला, साहेब," माणिकराव म्हणाला. "पर बिनघासलेला! दुकानात दोन टाक शेजारी ठिवायचे, एक असा आन् एक तसा, म्हंजी गिऱ्हाइकाला मेहनत कळती. घासलेल्या टाकाला मी काय करू? घासलेले माज्याकडं दोनशे पडलेत. ज्यानं हे केलं त्यानं माजंच नुकसान केलं."

तिसरी कडूबाई. ती आधी रडली, मग बोलली, आणि बोलायला लागली ती थांबेना.

"मी फकस्त वरून बोट लावते. दरसाल ती जागा कोरीच आसती. मला वाटायचं, केशर दरसाल फडकं बदलती. आन् ह्या घरात एकटी शिरायची माजी काय बिशाद? राधाकिशन नदीला आन् केशर सकाळी पानं तोडाया महादेवाच्या देवळात गेली की म्हातारी आतून कडी घालती. विस्तव मागाया आलं तरी ओ देत न्हाई. आंधळ्या माणसाला भ्या वाटत आसल, म्हनून मीबी काही म्हनत न्हाई."

दिनकररावांनी शेवटी तानुबाईकडं बघितलं. ती खांबाला टेकून बसली होती. हात पदराखाली.

"तानुबाई, तुमाला काही आवाज-बिवाज?"

"मला काय दिसतंय, साहेब."

त्यांनी पुढं विचारलं नाही. केशरबाईला मनात आलं, दिसत नाही हे खरं, पण दुखत तरी आहे का हिला? पोराची शेवटची खूण गेली आणि ही सकाळपासून भाकरीसुद्धा मागून खाते. तिनं टाक नव्या फडक्यात बांधला, कोनाड्यात ठेवला आणि दिवेलागणीला चूल पेटवली. तिघांचा स्वयंपाक केला, आणि उद्यापासून दोघींचा करायचा म्हणून पिठाचा डबा बंद करताना तिचा हात तिथंच राहिला. राधाकिशन जाणार. मग हे घर, एक न बोलणारी म्हातारी आणि आपण. तरीसुद्धा थांब म्हणायला तिची जीभ वळेना.

४

दसऱ्याच्या सकाळी महादेवाच्या देवळामागं ती पारिजातकाची पानं खुडत होती. मोटार सुटायला तासभर होता. राधाकिशन पाया पडून निघून गेला होता, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता.

दिनकरराव काठी टेकत आले. पारावर त्यांनी ते फाटकं फडकं अंथरलं आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

"केशरबाई, कडूबाई दरसाल बोट कुठं लावायची?"

"गाठीच्या वर, मधोमध."

"गाठ कधीच सुटली नसती, तर दरसालचं बोट त्याच जागी बसलं असतं. एकावर एक. हो का न्हाई? आता मोजा."

तिनं बघितलं. एकोणपन्नासपासून मागच्या सालापर्यंत सात नवम्या. फडक्यावर हळदीचे सात डाग, सात निरनिराळ्या ठिकाणी. एक कडेला, दोन घडीच्या पोटात, एक तर उलट्या अंगाला. कालचा आठवा, फाटला त्या जागी.

"म्हंजी दर दोन नवम्यांच्या मधी हे फडकं सुटलं आन् परत बांधलं गेलं," दिनकरराव म्हणाले. "पहिल्या सालापासून. एकदा न्हाई, लय येळा. घड्या बघा कशा झिजल्यात, म्हनून तर बोटानं फाटलं. राधाकिशन कधी आला?"

"चार वर्सं झाली."

"माणिकराव?"

"दोन."

"मग चोर सोडून संन्याशाला सुळी दिली तुमी. सात वर्सं ह्या घरात कोण होतं? कडूबाईला कडी आडवी. मग राहिल्या तुमी."

केशरबाईच्या हातातली पानं गळाली. "माज्या घरी येऊन, माजं मीठ खाऊन, माज्यावरच बालंट?"

"मी नाव घेतलं न्हाई अजून. दोन सवाल हायत, तेवढे ऐका." त्यांचा आवाज उतरला होता. "चोरून सोडणारा माणूस परत बांधताना काय करील? डाग पहिल्यासारखा वर आणून बांधील. ह्यानं गाठ हुबेहूब तुमच्यासारखी मारली, तुमालाबी फरक कळला न्हाई. मग डाग तेवढा सात वर्सं कसा चुकला?"

केशरबाईनं एका डागावर बोट टेकवलं.

"दुसरा सवाल. ती गाठ तुमाला शिकवली कुणी?"

लग्न होऊन आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. भाकरीचं गाठोडं सारखं सुटायचं. सासूनं मागून तिचे हात धरून ती गाठ शिकवली होती, दोनदा, न रागावता.

आणि मग तिला ते चार बोटं अंग आठवलं, तो खळगा आठवला. रेघ नाही, पान नाही, लाख नाही, मेण नाही. जात्याचा खुंटा कोण पॉलिश करतं? पाळण्याची दांडी कोण घासतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या तालुक्याचे हात ओळखणारी ती, आणि घरातला हात तिला ओळखू आला नव्हता.

"तुमी घरी जावा," दिनकरराव म्हणाले. "मोटारीकडं मी जातो. मला पळवत न्हाई, पर ड्रायव्हर माज्या हाताखालच्या शिपायाचा पोरगा हाय."

५

पुढच्या दाराला आतून कडी होती. तिनं थाप मारली नाही. वळसा घालून ती मागच्या दारानं कारखान्याच्या खोलीत शिरली.

राधाकिशनच्या खरादापलीकडं लिंबाजीचा जुना खराद भिंतीशी होता, वर्षानुवर्षं न फिरलेला. त्याच्याजवळ उन्हाच्या पट्ट्यात तानुबाई बसली होती. नवं फडकं मांडीवर उलगडलेलं. टाक तिच्या दोन्ही हातांत होता आणि उजवा अंगठा त्याच्यावर सावकाश, एका लयीत मागं-पुढं फिरत होता. तिचं तोंड शांत होतं. केशरबाईनं ते तसं कधी बघितलं नव्हतं.

"आलीस?" म्हातारी न दचकता म्हणाली. "पानाचा वास येईना आज."

"आत्याबाई, तुमी?" केशरबाईचा आवाज फाटला. "मी आठ वर्सं त्याला बोट लावलं न्हाई. त्याचा हात जाईल म्हनून. आन् तुमी रोज..."

"रोज. तू पानाला गेलीस की."

"का पर?"

"तुला दिसतंय, केशर. तू कोनाड्याकडं बघतीस, खरादाकडं बघतीस, तुला तो दिसत आसल. मला काय? आदी डोळे मिटले की त्याचं तोंड यायचं. आता तेबी येईना. हाताला लागतो तेवढाच लागतो."

"मग बोललात का न्हाई कधी? टिपूस काढलं न्हाईत. मी तुमाला दगड समजले हो."

"बाया आल्या त्या तुज्याजवळ बसल्या. मला म्हनल्या, म्हातारे, तू खंबीर ऱ्हा, सुनेला सांभाळ." तिचा अंगठा थांबला. "सांभाळली. मग रडायचं राहूनच गेलं बघ."

केशरबाई तिच्याजवळ खाली बसली. आठ वर्षं एका चुलीवर दोघींची भाकरी झाली, एका छपराखाली दोघी निजल्या, आणि एकाच माणसासाठी दोघी वेगवेगळ्या एकट्या पडल्या होत्या. तिला म्हातारीची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

पुढच्या दारावर थाप पडली. "काकू?" राधाकिशनचा आवाज, अवघडलेला.

"मागल्या दारानं ये," केशरबाईनं आतूनच सांगितलं. "आन् ती वळकटी सोडून ठिव जागच्या जागी. चुकलं माजं."

वळकटी टेकल्याचा आवाज आला. गल्लीतून काठीची टकटक ऐकू आली, दारापाशी थोडी थांबली आणि मग दूर गेली. अमीनसाहेबांना आत बोलवायचं तिला सुचलं तोवर आवाज ऐकू येईनासा झाला होता.

"सगळं खरं," ती सासूला म्हणाली, "पर वळ्या गेल्या ना हो. त्याचा हात गेला तो गेलाच."

"गेला कुठं? इकडं दे अंगठा."

म्हातारीनं तिचा अंगठा धरून टाकाच्या टोकावर ठेवला, जिथं वळ्या अजून शिल्लक होत्या. मग हळूहळू गुळगुळीत अंगावर आणला.

"त्या दिवशी खरादाची दोरी कोण ओढत होतं, इसरलीस? मी. तो पटाशी लावायचा, मी ओढायची. पटाशी अडली की दोरीला कळायचं. हे बघ, हितं गाठ लागली लाकडात, त्यानं हात हलका केला. हितं त्यानं घाम पुसला. मी म्हनलं, थांब जरा, तर न्हाई म्हनला." अंगठा पुढं सरकला. "हितं दोनदा फिरवली. नीट झालं न्हाई म्हनून."

केशरबाईच्या अंगठ्याखाली काहीच नव्हतं, नुसतं गार, गुळगुळीत लाकूड. तरी तिनं अंगठा उचलला नाही.

"आन् हितं?" तिनं विचारलं.

"हितं ठिवली पटाशी. तू आतून जेवाया हाक मारलीस तवा."

केशरबाईला ती हाक आठवेना. आठ वर्षांत तिनं तो दिवस हजार वेळा उकरला होता, पण ती हाक तिला एकदाही सापडली नव्हती.

"काय म्हनले होते मी?"

"भाकरी गरम हाय म्हनलीस," तानुबाई म्हणाली. "आन् तो हसला."